नवव्या दिवशीची अंघोळ

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ते अंगावरच्या मळासारखे असतात; आपल्याला पत्ताही नसतो आणि थरावर थर चढत जातात. रोज अंघोळ करणाऱ्या माणसाकडे म्हणूनच सांगण्यासारखं फारसं काही नसतं! आम्ही चौघं एका मोठ्या दुष्काळात बारा दिवस बीडच्या डोंगरपट्ट्यात पाठीवर सॅक टाकून पायी हिंडलो. त्या बारा दिवसांचे किस्से इतके साठलेत की आजही चार मित्र बसले की कुणीतरी म्हणतंच, "दत्ता, तो पावडरचा सांग ना." मी सांगतो. सगळे हसतात. मीही हसतो. पण तिथून उठून घरी येताना मन खट्टू होतं, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

तर चौघं म्हणजे कोण? आमचा एक सहकारी दूध संघ होता. दुष्काळात गावोगावच्या दूध संस्था एकेक करून बंद पडायला लागल्या. डोंगरातल्या कुठल्या गावात जनावरं उरलीत, कुठली संस्था अजून धुगधुगी धरून आहे, ते बघून या, असा हुकूम निघाला. संघाची जीप टँकरच्या कामाला गेलेली. मग काय, पायी! नाना आमचे सुपरवायझर. रफिकभाई सिरसाळ्याचे, संघाचे मेकॅनिक. गळके कॅन दुरुस्त करायचे. बाळू दुधाचे नमुने घ्यायचा आणि मी फॉर्म भरायचो. नाना आणि रफिकभाई नातवंडांना टेकलेले, बाळू आणि मी बिनलग्नाचे. आता नाना नाहीत, रफिकभाई नाहीत, संघही नाही. बाळू आहे, पण भेटी होत नाहीत.

या टूरमध्ये माझं एक खासगी कामही होतं. नवव्या दिवशी आम्ही ज्या गावात पोचणार होतो, तिथे नानांनी माझ्यासाठी स्थळ बघितलं होतं. तिथल्या दूध संस्थेच्या सेक्रेटरींची मुलगी. नाना म्हणाले, "टूर बी होईल आन् पोरगी बी बगून होईल. परत येगळं जायाचं कावून?" त्याआधी तीन ठिकाणांहून मला नकार आला होता. आईनं डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, या खेपेला नीटनेटका जा रे बाबा. मुलीचा फोटो माझ्या शर्टाच्या खिशात होता आणि तो मी दिवसातून इतक्यांदा काढून बघायचो की त्याचे कोपरे मऊ पडले होते. बाकीच्यांना पायांच्या फोडांची काळजी. मला एकच काळजी, नवव्या दिवशी मी माणसात दिसलो पाहिजे!

*

शेवटची खरी अंघोळ आम्ही मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर केली, ट्रकवाल्यांच्या हौदावर. तिथून पुढे डोंगर, आणि पुढे नानांचा कायदा. पिण्याचं पाणी सोडून माणशी रोज एक तांब्या. त्यात तोंड, अंग, कपडे, सगळं. "आदी डोळं, मग काखा, मग जांगा, शेवटाला पाय. हा नंबर चुकला की इन्फेक्शन!" असं नाना डॉक्टरच्या थाटात सांगायचे.

मी शिकलेला. मला कायद्यात पळवाट सापडली. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ध्या तांब्यात अंग ओलं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत मस्त साबण चोळला. सुगंधी साबण होता, फेसही भरपूर. उरलेला अर्धा तांब्या डोक्यावर ओतला. डोकं तेवढं निघालं! मानेच्या खाली सगळा साबण जागच्या जागी. बाळूकडे पाणी मागितलं, त्यानं तांब्या पाठीमागे लपवला.

शेवटी तसेच कपडे चढवले आणि चालायला लागलो. दहा वाजेपर्यंत साबण अंगावर वाळला. हात वाकवला की कातडी ओढायची. दुपारी घाम आला तसा काखेतून पुन्हा फेस यायला लागला! गावातल्या दूध संस्थेच्या चेअरमनशी हात मिळवला तर त्याच्याही हाताला फेस. त्यानं धोतराला हात पुसला आणि माझ्याकडे बघत राहिला.

नाना म्हणाले, "साबण लावाया कुणालाबी येतंय. काडायचा कुठनं, ते आदी बगत जाय बे!"

तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, हे मला कुणीतरी शाळेतच सांगायला हवं होतं.

*

डोंगरातल्या गावांत पाहुणा दारात आला की पाय धुवायला तांब्या पुढे करतात. दुष्काळातही करायचे. तिसऱ्या दिवशी एका घरी म्हाताऱ्या आजोबांनी स्वतः उठून तांब्या आणला. मी मोठ्या समजूतदारपणानं म्हणालो, "राहू द्या आजोबा. पाण्याची टंचाई आहे, कशाला वाया घालवता?"

आजोबांचा चेहराच उतरला. तांब्या तिथेच ठेवून ते आत गेले आणि आतूनच मोठ्यानं म्हणाले, "आमच्या घरचं पाणी आजून सरलं न्हाई म्हणावं!"

अर्धा तास कुणी बाहेर येईना. संस्थेचं दप्तर त्याच घरात. शेवटी नाना उठले, तांब्यात दोन बोटं बुडवली, पायांच्या अंगठ्यांना लावली आणि हाक मारली, "बाबा, लई गार वाटलं बगा! सगळा शीण गेला." आजोबा लगेच बाहेर आले, दप्तर आलं, गुळाचा खडाही आला. तांब्या भरलेला तसाच आत गेला.

बाहेर पडल्यावर नाना मला म्हणाले, "पाणी त्येंचं ऱ्हातंय आन् मानबी त्येंचा ऱ्हातोय. तुला फकस्त टंचाई कळती."

*

आता पावडरचा. बाळूचा पाण्यावर विश्वासच नव्हता. त्याच्या सॅकमध्ये पावडरचे तीन डबे होते. "आंगोळ म्हंजी काय? वास येऊ नये. मग पावडर मारली की झालं!" चौथ्या दिवसापर्यंत घामावर पावडर, पावडरवर धूळ, धुळीवर परत पावडर असं करत त्याची मान आणि हात पांढरेफटक झाले. भुवयासुद्धा पांढऱ्या.

त्या दिवशी एका वस्तीत शिरलो. बाळू पुढे, हातात नमुन्यांची पेटी. एका बाईनं त्याला बघितलं आणि ओरडली, "फवारणीवालं आलं गं!" बघता बघता सगळ्या वस्तीनं गोधड्या, बाजा, उतरंडी अंगणात आणून टाकल्या. मलेरियाची फवारणी करणारा माणूस असाच पांढरा होऊन यायचा ना! बाळू घसा कोरडा करून सांगतोय, "आमी दूध संघाचे, दूध संघाचे," पण ऐकतंय कोण.

एक आजी त्याचा हात धरून घरात घेऊन गेली. कोपऱ्यातली बाज दाखवून म्हणाली, "हितं जरा जादा मार बाबा. ढेकणं झोपू देत न्हाईत."

बाळू आमच्याकडे बघायला लागला. मग त्यानं गुपचूप सॅकमधून नवा डबा काढला आणि सगळ्या बाजेवर पावडर मारून दिली! आजीनं वास घेतला आणि म्हणाली, "औशिद चांगलं हाय रं तुमच्या सरकारचं."

आम्ही हसून हसून पोट धरलं. मी त्याला पुढं चार दिवस "फवारणीवाला" म्हणून चिडवलं. त्यानं आपला डबा एका अनोळखी आजीच्या समाधानासाठी संपवला, हे मात्र कुणी बोललं नाही. मीही नाही.

*

एक किस्सा आहे त्यात हसायला जागा कमी आहे, पण सांगायला हवा.

आमच्यात सगळ्यात स्वच्छ रफिकभाई. त्यांच्याकडे दोनच शर्ट. एक अंगात, दुसरा उलटा करून सॅकवर उन्हात वाळत टाकलेला. संध्याकाळी अदलाबदल. ओंजळभर पाण्यात फडकं भिजवून ते अख्खं अंग पुसायचे, निंबाच्या काडीनं दात घासायचे, आणि बाकीचं पाणी वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, राखून ठेवायचे. वाळल्या घामाचा वास आम्हा तिघांच्या अंगाला यायचा, त्यांच्या अंगाला कधी आला नाही.

पाचव्या दिवशी वाटेत कुठेच पाणी मिळालं नाही. जे होतं ते पिण्यापुरतं. रफिकभाई बाजूला गेले, स्वच्छ मातीवर दोन्ही हात टेकवले, हात चेहऱ्यावरून फिरवले, हातांवरून फिरवले आणि नमाजाला उभे राहिले. पाणी नसेल तर असं चालतं, हे मला माहीत नव्हतं. त्यांचं झाल्यावर मी सगळ्यांसमोर हसून विचारलं, "भाई, मातीनं कुठं माणूस स्वच्छ होतो का?"

रफिकभाई हसले. म्हणाले, "पाण्यानं तरी समद्यांचा कुठं व्हतोय, दत्ताभाऊ?"

नाना आणि बाळू खो खो हसले. मीही हसलो. पण त्या दिवसापासून रफिकभाई नमाजाला आमच्यापासून जरा लांब जायला लागले, टेकाडाच्या पलीकडे. मी माफी मागायला हवी होती. "नंतर मागू" करत राहिलो, आणि ते राहूनच गेलं.

*

सहाव्या दिवशीची संस्था. संध्याकाळचं दूध आलेलं, दोन कॅन. नानांनी दुधात पाणी किती ते दाखवणारा लॅक्टोमीटर सोडला. बघितला, पुसला, परत सोडला. चष्मा काढून परत बघितलं. तीस वर्षांच्या नोकरीत असा आकडा त्यांनी बघितला नव्हता.

"चेअरमन, हे दूध हाय का बासुंदी? एवढं चोख?"

चेअरमन डोकं खाजवत म्हणाले, "मिसळायला पाणी कुठनं आणावं सायब?"

नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी कॅनमध्ये नाक घातलं आणि हसणं थांबलं. कॅन आठवडाभर धुतलेले नव्हते. बायकांनी राखेनं घासले होते, उन्हात पालथे घातले होते, जमेल ते सगळं केलं होतं. पण झाकणाच्या कडेला आंबूस वास धरलाच होता. असं दूध पुढे पाठवलं तर बाकीच्यांचंही नासणार. नानांनी ते दूध नाकारलं. मला फॉर्मवर तसं लिहायला सांगितलं आणि ते बाहेर निघून गेले.

वाटेत ते म्हणाले, "उभ्या जल्मात एकदा चोख दूध बगितलं. आन् तेच माघारी धाडलं."

*

सातव्या दिवशी टँकर भेटला! गावाच्या तोंडाशी उभा, बायकांची ही रांग, आणि टँकरच्या मागच्या नळाखाली बारीकशी गळती. धार अशी काही नाही, करंगळीएवढी. बाळूला ती लांबून दिसली. "वाया चाललंय रे!" म्हणत तो पळत गेला, खाली बसला आणि डोकं गळतीखाली धरलं. वर साबणही लावला.

आम्हाला वाटलं आता बायका दगड मारणार. पण एक बाई रांगेतून बाहेर आली. तिनं हातातलं घमेलं बाळूच्या हनुवटीखाली सरकवली आणि शांतपणे म्हणाली, "धुवा, धुवा. तुमच्या डोक्यावरनं पडलेलं आमच्या भांड्याला चालतंय."

बाळू तसाच उठला. अर्ध्या डोक्याला साबण, अर्धं कोरडं. रुमाल बांधला आणि चालायला लागला.  मी चिडवायला तोंड उघडलं होतं, पण रफिकभाईंनी माझा दंड दाबला.

*

आणि हा शेवटचा.

सहाव्या दिवसापासूनच नानांनी माझी तयारी सुरू केली होती. रफिकभाईंच्या सॅकला पाच लिटरचे दोन रिकामे डबे बांधलेले होते. नाना म्हणाले, "पोराला असा घेऊन गेलो तर सेक्रेटरी मलाच हाकलून देईल. आपल्या तांब्यातलं ह्येच्यात टाकायचं." तीन दिवस त्या तिघांनी आपल्या वाट्याचं धुण्याचं पाणी त्या डब्यांत ओतलं. बाळूनं टँकरवर जो प्रकार केला तोही त्यामुळेच; त्याच्याकडे तोंड धुवायलाही पाणी नव्हतं. रफिकभाईंनी तर थेंबही मागे ठेवला नाही. तीन दिवस ते टेकाडापलीकडे जाऊन मातीवर हात टेकवत होते आणि डबेही तेच पाठीवर वाहत होते. मला सगळं दिसत होतं. "नको" हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नाही. खिशातला फोटो काढायचो, बघायचो आणि परत ठेवायचो. माझं मलाच आज नवल वाटतं आणि लाजही वाटते.

नवव्या दिवशी दुपारी गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात, बाभळीच्या आडोशाला माझी अंघोळ झाली. बाळूनं दगडानं पाठ घासली. रफिकभाईंनी माझी दाढी केली. नाना काठावर बसून सांगत होते, "कानामागं, कानामागं बग!" दोन डबे पाणी, डोक्यापासून पायापर्यंत, साबण निघेपर्यंत! पांढरा शर्ट घातला, केस ओले विंचरले. नाना माझ्याभोवती फिरून बघत म्हणाले, "आता तुला कलेक्टरबी पोरगी दील!" तिघांचे चेहरे मातीनं भरलेले, आणि तिघं इतके खुश होते की लग्न त्यांचंच आहे असं वाटावं.

सेक्रेटरींच्या ओसरीत बसलो. मुलगी चहा घेऊन आली. फोटोपेक्षा उन्हानं जास्त रापलेली, पण डोळे तेच. पदर डोक्यावर होता, तो जरा सरकला तेव्हा दिसलं, माथ्यावरचे केस हंड्याच्या ओझ्यानं विरळ झाले होते. नाव झालं, शिक्षण झालं. 

नाना रीत म्हणून बोलले, "पोरी, तुला काय इचारायचं असल तर इचार."

तिनं माझ्या ओल्या केसांकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे.

"आंगोळ कवा केली?"

तिचे वडील ओशाळले, पण आम्ही हसलो. मी छाती काढून म्हणालो, "आत्ताच. तुमच्या गावाबाहेर ओढ्यात."

"वड्याला पाणी न्हाई."

"आम्ही आणलं होतं. बरोबर."

"किती लागलं?"

मी काही बोलायच्या आत नाना पुढे सरसावले. त्यांना वाटलं, हीच वेळ आहे माझा भाव वाढवायची! "पोरी, दोन डबं! तीन दिस आमी तिघांनी तोंड धुतलं न्हाई, थेंब थेंब राखला ह्येच्यासाठी. उगं न्हाई, आमचा पोरगा हायच तसा लाखात एक!"

 तिनं नानांकडे बघितलं, रफिकभाईंच्या भेगाळलेल्या ओठांकडे बघितलं, बाळूच्या रुमालाखालून दिसणाऱ्या, साबण वाळून पांढऱ्या झालेल्या केसांकडे बघितलं. मग आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्यासमोरून पुढे जाऊन तिनं तो त्या तिघांपुढे ठेवला.

"तोंड धुवा तुमी."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. नानांनी ओंजळभर घेतलं. रफिकभाईंनी त्याहून कमी. बाळूनं नुसते हात ओले करून तोंडावरून फिरवले. तिनं तांब्या उचलून आत डोकावलं. निम्म्याहून जास्त पाणी तसंच होतं.

मग ती वडिलांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बापू, ह्या तिघांत कुणाचं लगीन व्हायचं ऱ्हायलंय का, तेवढं इचारून घ्या."

नाना आणि रफिकभाई हळूहळू बाळूकडे बघायला लागले. बाळूनं मान खाली घातली होती आणि तो पायाच्या अंगठ्यानं ओसरीची जमीन उकरत होता. मी कपबशी हातात धरून तसाच बसून राहिलो. ओसरीभर माझ्याच साबणाचा वास येत होता.